नग एक, रंग काळा

परमेश्वर जोगदंडनं प्राणिमित्र मंडळात नाव घातलं ते मुक्या जिवांच्या मायेपोटी, असं तुम्हाला गंगाखेडात कोणी सांगितलं तर सांगणारा माणूस स्वतः परमेश्वरच असणार. खरी गोष्ट एवढीच होती की दिवाळी तोंडावर आली होती, आणि त्याच्या बायकोनं, राजेश्रीनं, रविवारी पंख्यांची पाती, माळा आणि पाण्याची टाकी अशी तीन कामं त्याच्या नावावर काढली होती. शनिवारी कचेरीतून येताना बसस्टँडसमोर दोन पोरं टेबल टाकून बसलेली दिसली. मागं फलक होता: 'सोबती प्राणिमित्र मंडळ. दर रविवारी दोन तास द्या.' रविवार हा शब्द वाचला आणि परमेश्वरनं स्कूटी लावली.

फॉर्मवर मदतीचे प्रकार छापलेले होते. जखमी जनावर दवाखान्यात नेणे, बरं होईपर्यंत घरी सांभाळणे, मदतीचा फोन घेणे, शिळ्या भाकरी गोळा करून मोकाट कुत्र्यांना घालणे, फोटो काढून ग्रुपवर टाकणे. परमेश्वरनं फोटोवर खूण केली. (कुत्र्याला तो भितो. मांजराला भितो. एकदा कचेरीत पाल पडली तेव्हा तो साहेबांच्या आधी बाहेर होता.)

"फोटोला आधीच अकरा जण हायत, काका," पोरगं म्हणालं. "भाकरीला कोणीच न्हाई."

बेचाळिसाव्या वर्षी 'काका' ऐकून आधीच खचलेला माणूस वाद घालत नाही. परमेश्वरनं भाकरीवर खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून तो गोणी घेऊन गल्लीत दारोदार फिरायला लागला. पहिल्या रविवारी दोन घरांनी त्याला भाकरीवर कालवणही वाढलं, आणि एका म्हातारीनं, "चांगल्या घरचा दिसतोस बाबा, काय वेळ आली," म्हणून डोळे पुसले. कुत्र्यांना भाकरी घालायची त्याची स्वतःची पद्धत होती. गावाबाहेर, आप्पाराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानाजवळ जायचं, स्कूटी चालू ठेवायची, भाकरी फेकायच्या आणि वळून न बघता सुटायचं.

तिसऱ्या रविवारी राजेश्रीला शंका आली. नवरा खरंच मंडळात जातो की बसस्टँडवर चहा पीत बसतो, ते बघायला ती मागोमाग गेली. नेमकं त्याच वेळी मंडळाच्या टेबलापाशी प्लास्टिकच्या बरणीत तोंड अडकलेलं एक कुत्रं आणलेलं होतं आणि सगळे त्याच्याभोवती लांबून उभे होते. राजेश्रीनं पदर खोचला, कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरलं, मानेला गोडंतेल लावलं आणि बरणी काढून कडेला ठेवली. मंडळाच्या प्रमुख, जनावरांच्या डॉक्टर राजनंदिनी मॅडम, बघतच राहिल्या. मंडळाचा नियम असा की ज्यानं एक तरी सुटका सुरुवातीपासून शेवटापर्यंत केली, त्यालाच निळ्या दोरीचं ओळखपत्र मिळतं. राजेश्रीला ते तिथल्या तिथं मिळालं. पुढच्या महिन्यात मदतीचा फोनही तिच्याकडेच आला.

तेव्हापासून परमेश्वरच्या घराची कडी सारखी वाजायची. तो दार उघडायचा.

"ताई हायत का?"

"नाहीत."

"मग घरात कोणीच न्हाई का?"

असं दोन महिने चाललं. राजेश्रीचं कार्ड खुंटीवर लटकायचं आणि दर रविवारी परमेश्वर त्याच्याखाली बसून भाकरी मोजायचा. त्याला ते कार्ड पाहिजे होतं. बढतीसुद्धा त्याला कधी एवढी पाहिजे नव्हती. एक सुटका, फक्त एक, आणि तीही राजेश्री गावात नसताना.

ती वेळ आली. एका रविवारी राजेश्री मॅडमच्या गाडीतून परभणीला लसीकरणाच्या शिबिराला गेली. जाताना बजावून गेली, "भाकरी टाका आणि सरळ घरी या. काही दिसलं तर मला फोन करा. आधी चौकशी, मग हात लावायचा."

"मला शिकवायलीस का?" परमेश्वर म्हणाला. (शिकवतच होती.)

आप्पारावच्या रानात तूर निघाली होती आणि मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. म्हणजे रात्रभर मेंढरं रानात बसतात, रानाला खत मिळतं, आणि मेंढपाळाला धान्य. हे परभणी जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परमेश्वर मात्र लहानपणापासून कचेरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. त्याला दिसलं ते एवढंच: काठ्यांना बांधलेली एक रिकामी जाळी, तीन दगडांची चूल, आणि चुलीपासून थोडं लांब बांबूचं एक डालगं पालथं घातलेलं. डालग्यावर पाचेक किलोचा दगड. आणि आतून आवाज येत होता.

परमेश्वरनं स्कूटी बंद केली, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजून घ्या. तो वाकून बघायला लागला. आत एक काळं कोकरू होतं, ओलं, चिकट, पाय लटपटणारं.

कोणीतरी एवढ्याशा जिवाला कोंडून, वर दगड ठेवून पळून गेलं होतं. परमेश्वरला राग पण आला आणि आनंद पण झाला, आणि दोन्हीत आनंद थोडा जास्तच होता.

त्यानं राजेश्रीला फोन लावला. तो बंद होता. आता चौकशी. तो ताठ उभा राहिला आणि तीन वेळा म्हणाला, "कोणी आहे का?" कचेरीत शेजारच्या टेबलाला विचारावं तेवढ्याच आवाजात. कोणी बोललं नाही. चौकशी संपली.

त्यानं दगड उचलला, डालगं सरकवलं, डोळे मिटून कोकराला हात घातला. कोकरानं त्याचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. चावलं मात्र नाही. परमेश्वरनं एक डोळा उघडला, मग दुसरा. इतक्या वर्षांत एखाद्या जनावरानं त्याच्याकडे काही मागितलेलं हे पहिलंच. त्यानं आपल्या क्रीम रंगाच्या शर्टानं त्याला नीट पुसलं, वरची तीन बटणं काढली आणि कोकराला छातीशी आत घातलं.

आता इथं दुसरा कोणी असता तर सरळ निघाला असता. पण परमेश्वर अठरा वर्षं आवक-जावक कारकून आहे. पोच दिल्याशिवाय त्यानं आजवर एक कागद घेतलेला नाही, तर कोकरू कसं घेईल? त्यानं खिशातली वही काढून, गुडघ्यावर ठेवून लिहिलं: 'मौजे मजकूर येथे डालग्याखाली, वर दगड ठेवून कोंडलेले बेवारस कोकरू, नग एक, रंग काळा, आज रोजी ताब्यात घेतले. हरकत असल्यास खालील क्रमांकावर कळवावे.' खाली सही, मंडळाचं नाव, तारीख, मोबाईल नंबर. कागद डालग्यावर ठेवून त्यावर तोच दगड ठेवला आणि स्वारी घराकडे निघाली.

घरी आल्यावर त्यानं विचार केला की कार्डासाठी फोटो लागणार आणि फोटोसाठी कोकरू स्वच्छ पाहिजे. म्हणून पाणी कोमट केलं. राजेश्रीचा बदामाचा शॅम्पू कपाटावर, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागं असतो (त्याला सापडू नये म्हणून), तो शोधून काढला. एक धुणं झालं, वास जाईना. दुसरं झालं. तिसऱ्याला वास गेला. कोकरू फुगून गोल झालं, लोकरीला चमक आली, सगळ्या घरात बदामाचा घमघमाट सुटला. मग त्याला सोफ्यावर बसवून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'आजची माझी सुटका. परमेश्वर जोगदंड.' 

पाच मिनिटांत चौदा अंगठे आले. एकानं लिहिलं, 'सर, ग्रेट.' काकाचे सर झाले होते. परमेश्वरनं चहा ठेवला, शर्ट बदलायचाही राहिला, आणि खुंटीवर दुसरं कार्ड कुठं लटकवायचं ते तो बघायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला.

"कोकराची पावती तुमीच लिव्हली का?"

"पोच," परमेश्वर म्हणाला. "हो. आपण कोण?"

"आप्पाराव. ज्याच्या रानातून उचललं तो. माझं सगळं वय गेलं, पण सही करून चोरी करणारा आज पयल्यांदा बघितला."

"चोरी कसली? बेवारस होतं ते."

"त्याची माय चरायला गेलीय. तुमी हापिसात गेल्यावर तुमचं घर बेवारस ऱ्हातं का?"

"पण वर दगड होता."

"मग काय कुलूप लावावं?" आप्पारावनं फोन दुसऱ्याच्या हातात दिला. बाईचा आवाज आला. ती भांडली नाही, म्हणून परमेश्वर जास्त घाबरला.

"दादा, मी केवळाबाई. मेंढरं आमची हायत. मी हिरीवर पाण्याला गेल्ते, दोन घागरी आणीस्तोवर तुमी घिऊन गेलाव. काय बी बोलत न्हाई मी तुमाला. फक्त मेंढरं यायच्या आत आणून द्या. माय वरडती मंग."

परमेश्वरनं चहाचा गॅस बंद केला आणि बदामाच्या वासाचं कोकरू घेऊन निघाला. वाटेत त्यानं मनाशी ठरवलं की आत जाऊन कोकरू ठेवायचं, हात जोडायचे, निघायचं. फोटो ग्रुपवरून काढायचा की नाही, ते नंतर बघू.

रानात केवळाबाई डालग्याशीच बसली होती. शेजारी आप्पाराव, हातात पोच. केवळाबाईनं सांगितलं ते असं: कोकरू पहाटे झालेलं. त्याला कळपासंगं चालवत नाही. म्हणून डालग्याखाली ठेवतात, की कावळ्याकुत्र्यानं ओढू नये. कुत्रं डालगं उलथतं, म्हणून दगड.

"आन् हितं कुत्री तर लय वाढलीत," ती म्हणाली. "कोणतरी दर आयतवारी भाकरी टाकून जायलंय. हाती सापडला ना त्यो तर..."

परमेश्वर पायाखालच्या ढेकळांकडे बघत राहिला.

तेवढ्यात बांधावरून मेंढरं आली. मागं केवळाबाईचा नवरा रायभान, खांद्यावर काठी. कळपातून एक मेंढी सुटून ओरडत पुढं पळत आली. परमेश्वरनं मोठ्या कौतुकानं कोकरू खाली ठेवलं. कोकरू लटपटत तिच्याकडं निघालं. मेंढीनं ते हुंगलं, मागं सरकली, परत हुंगलं, आणि अशी ढुशी दिली की कोकरू दोन हात लांब जाऊन पडलं.

कोकरू उठलं आणि परत गेलं. परत ढुशी.

केवळाबाईनं कोकराला उचलून नाकाशी धरलं. "काय लावलंव ह्याला?"

"शॅम्पू."

"कसला?"

"बदामाचा," परमेश्वर म्हणाला, आणि का कोण जाणे, पुढं म्हणाला, "चांगल्या कंपनीचा आहे."

रायभाननं काठी खाली ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला. "मेंढी वासावर लेकरू वळखती, सायेब. ही पयलारू हाय, पयलंच लेकरू हिचं. वास गेला की तिचं लेकरू गेलं तिच्या लेखी. ती त्यालाच हुडकायलीय, आन् हे समोर हाय ते तिला परकं वाटायलंय."

"मग आता?"

"सकाळच्याला एकडाव चीक पेलंय. दिवस मावळायच्या आत पाजलं तर वाचंल. न्हाई तर न्हाई."

कोकरू तिसऱ्यांदा गेलं आणि तिसऱ्यांदा पडलं. या वेळी उठलं नाही. कार्ड, फोटो, अंगठे, सगळं त्या क्षणी त्याच्या डोक्यातून गेलं. सकाळपर्यंत या जिवाला आई होती, आणि आपण तिला तीन पाण्यात धुऊन टाकली. एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. तो तिथंच मातीत बसला आणि त्यानं कोकराला मांडीवर घेतलं.

मेंढी रानभर ओरडत फिरत होती. फिरत फिरत ती परमेश्वरच्या जवळ आली. थांबली. तिनं नाक पुढं केलं आणि त्याच्या छातीला लावलं. परमेश्वर जागच्या जागी थिजला.

"हे काय करायलीय?" तो ओठ न हलवता म्हणाला.

मेंढीनं त्याचा शर्ट हुंगला, वरून खाली, खालून वर. मग तिच्या घशातून एक वेगळाच, बारीक, मऊ आवाज आला. रायभान आणि केवळाबाईनं एकमेकांकडं बघितलं.

"लेकराला बोलायलीय ती," केवळाबाई म्हणाली.

"कोणत्या लेकराला?"

"तुमाला."

मेंढीनं त्याची हनुवटी चाटली. मग कान. परमेश्वर उठून दोन पावलं मागं गेला, तशी ती मागं आली. तो डावीकडं गेला, ती डावीकडं. तो पळाला, मग काय, रानात पुढं आवक-जावक कारकून आणि मागं मेंढी, कळवळून हाका मारत. आप्पाराव बांधावर बसून हसायला लागला, त्याला उठताच येईना. केवळाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"थांबा सायेब," रायभान ओरडला. "पळू नका, तिला वाटायलंय लेकरू दूर चाललं."

मग रायभानच्याच ध्यानात आलं. "ह्याच शर्टानं पुसलाव का काय त्याला?"

"हो."

"मंग काढा तो. त्याच्यातच हाय सगळं."

परमेश्वरनं शर्ट काढला. केवळाबाईनं तो कोकराच्या अंगावर घातला, पुढचे दोन पाय बाह्यांतून काढले आणि पोटाखाली गाठ मारली. वरून मेंढीचं दूध काढून कोकराच्या तोंडाला, शेपटीला, पाठीला चोळलं. मेंढी आली. शर्ट हुंगला. ढुशी दिली नाही. पण कोकरू कासेशी गेलं की ती सरकायची, आणि परमेश्वरकडं बघायची, कारण वास अजून त्याच्याही अंगाला होता.

"तुमी बी बसा मंग," रायभान म्हणाला. "तिच्या म्होरं बसा, तिला चाटू द्या. ती तुमच्यात गुंतली की मी मागून पाजतो."

तर असा तो कार्यक्रम सुरू झाला. ज्या माणसानं भाकरी टाकताना कधी स्कूटी बंद केली नव्हती, तो उघड्या अंगानं मेंढीसमोर मांडी घालून बसला आणि गळा, कान, डोकं चाटून घेत राहिला. मेंढीची जीभ खरखरीत असते. त्यानं हूं की चूं केलं नाही. मधूनच, "पेलं का?" एवढंच विचारायचा.

"न्हाई अजून."

तासभर गेला. ऊन उतरलं. आणि त्याच वेळी रस्त्यावर मंडळाची गाडी थांबली. फोटो बघून, 'कोकरू कुठून आणलं' असे सात मेसेज टाकून आणि एकाचंही उत्तर न आल्यानं राजेश्री मॅडमना घेऊन सरळ इकडंच आली होती. (पोचेवरचं मंडळाचं नाव वाचून आप्पारावनं मदतीच्या फोनवरही कळवलं होतं. काम चोख माणसाचं.) तिनं बांधावरून बघितलं. कोकराच्या अंगात नवऱ्याचा शर्ट होता. नवऱ्याच्या अंगात काही नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"बोलू नका, ताई," केवळाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "सवय व्हायलीय."

"कोणाला?"

"दोघांला बी."

राजेश्री पुढं आली, बसली, आणि तिच्या नाकाला बदामाचा वास आला. तिनं नवऱ्याकडं फक्त बघितलं. परमेश्वरला ते लागलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "सगळं सांगतो. आधी हे पिऊ दे."

आणि तेवढ्यात कोकराची शेपटी हलायला लागली. आधी हळू, मग भराभर, एवढी की शर्टाचं टोक उडायला लागलं. रायभाननं हात बाजूला घेतला. मेंढी परमेश्वरला सोडून मागं वळली, शर्टात तोंड घातलं आणि तोच मऊ आवाज काढून कोकराला चाटायला लागली. आता परमेश्वर तिच्या खिजगणतीतही नव्हता. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात उचलला, तर हाताला दूध, लोकर आणि माती, म्हणून तसेच राहू दिले.

राजनंदिनी मॅडमनी कोकराला तपासलं, पोट भरल्याची खात्री केली आणि गाडीतून मंडळाचा फॉर्म आणला. सुटका म्हणायची की नाही, हा प्रश्नच होता. परमेश्वरनंच ते कोकरू अडचणीत घातलं होतं. पण शेवटापर्यंत बसला होता तोही तोच. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: जागेवरच्या माणसाचा शेरा. मॅडमनी पेन उघडलं आणि केवळाबाईला विचारलं, "यांना आम्ही कामावर ठेवावं का? तुम्ही सांगाल ते लिहिते."

केवळाबाईनं परमेश्वरकडं नीट बघितलं. आधी तोंडाकडं, मग खांद्याकडं, मग पायांकडं. जनावरांच्या बाजारात आयुष्य गेलेल्या बाईची नजर ती.

"गरीब हाय," ती म्हणाली. "मारत न्हाई, चावत न्हाई. हात लावू देतो. आन् माया बी हाय, ते काय खोटं बोलावं."

परमेश्वरचा चेहरा फुलला.

"फक्त मोकळा सोडू नका."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाल्या की एवढ्या शेऱ्यावर कार्ड द्यायला हरकत नाही. परमेश्वरनं सही केली आणि गाडीच्या पुढच्या सीटकडं निघाला. राजेश्रीनं एकदा त्याच्या अवताराकडं बघितलं, स्कूटीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली, गाडीचं मागचं दार उघडलं, आतलं जनावरांचं गोणपाट नीट पसरलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चला, चढा."